पाच आठवडे जायला, पाच आठवडे यायला

मागचे दोन-तीन विकांत डॉ. आनंदीबाई जोशींविषयी मिळेल ते वाचण्यात गेले. तसं त्यांचं नाव आपल्या सगळ्यांना पाठ असतं. चौथी-पाचवीच्या पुस्तकात एक ओळ, सामान्यज्ञानाच्या गाईडमध्ये एक मार्क, 'पहिल्या भारतीय महिला डॉक्टर', संपलं. (त्यातही वाद आहे म्हणा. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली त्याच वर्षी, म्हणजे १८८६ मध्येच, मेडिकल कॉलेजातून बाहेर पडल्या. पण पहिली कोण हा आजचा विषय नाही.) मग श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ ची कादंबरी, त्यावरचं नाटक, २०१९ मध्ये आलेला सिनेमा. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यातली आनंदी या तीन ठिकाणांहून आलेली असते.

मला मात्र यावेळी तिच्यापेक्षा तिच्या पत्रांनी जास्त पकडून ठेवलं. नुसत्या पत्रांनी नाही, पत्रांच्या वाहतुकीनं! धंद्याची खोड, दुसरं काय. दिवसभर दोन सिस्टिम एकमेकांशी बोलताना कुठे अडकतात हेच शोधायची सवय लागलेली असते. आणि इथे तर दोन माणसं आहेत, मध्ये तीन समुद्र आहेत, आणि त्यातला एक माणूस चक्क टपालखात्यात नोकरीला आहे.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. मूळची यमुना जोशी, जन्म ३१ मार्च १८६५, कल्याण. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव जोशी, विधुर, वयानं बराच मोठा, टपालखात्यात कारकून. बायकोला शिकवायचंच या एका वेडानं झपाटलेला. बदल्या होत गेल्या तशी ही दोघं अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर अशी हिंडत राहिली (हे श्रीरामपूर बंगालमधलं, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे). आनंदीला चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं तिनं ठरवलं ते इथून, असं सगळेच चरित्रकार सांगतात. ७ एप्रिल १८८३ ला 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीनं ती एकटी निघाली. एकटी म्हणजे नवऱ्याशिवाय. सोबतीला मिशनरी बायका होत्या. ४ जूनला न्यूयॉर्क. वय वर्षं अठरा.

आता मजा बघा. ही सगळी गोष्ट मुळात टपालातूनच सुरू झालेली आहे. १८७८ मध्ये गोपाळरावांनी कोल्हापूरहून अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं होतं, की मला अमेरिकेत काही काम आणि बायकोला शिक्षण मिळेल का. वाइल्डरसाहेबांनी उत्तरात धर्म बदलायचा सल्ला दिला आणि हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला! आजच्या भाषेत, खाजगी मेल पब्लिक फोरमवर. पण त्या आगाऊपणामुळेच पुढचं सगळं घडलं. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो जुना अंक त्यांनी चाळला आणि घरी जाऊन थेट हिंदुस्थानातल्या एका अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. पुढची तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली. आनंदी त्यांना 'मावशी' म्हणू लागली. प्रत्यक्ष भेट मात्र न्यूयॉर्कच्या धक्क्यावरच.

रोझेलविषयी एक गंमत सांगायलाच हवी. जानेवारी १८८३ मध्ये एडिसननं खांबांवरून तारा टाकून विजेचे दिवे लावलेलं पहिलं गाव हे रोझेल. आनंदी तिथे पोचली जूनमध्ये. म्हणजे जगात जवळपास कुठेच नव्हता तो उजेड ती पहिल्याच मुक्कामी बघत होती. आमच्यातले जे ऑनसाइटला न्यू जर्सीत राहिलेत, एडिसन-आयझेलिनच्या देशी दुकानांतून मेथी आणि गिट्स गुलाबजाम उचलत हिंडलेत, त्यांना सांगतो: रोझेल तिथून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. मी स्वतः तिथे दोन वर्षं काढली आणि एकदाही गेलो नाही. तेव्हा हे ठाऊकच नव्हतं.

असो. तर टपाल.

हिंदुस्थान १८७६ मध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघात आला. त्याआधी परदेशी पत्राचं भाडं म्हणजे मोठा घोळ असे. कुठल्या बोटीनं, कुठल्या देशातून जाणार यावर दर ठरायचा. संघ झाल्यावर ते बरंच सोपं झालं. अमेरिकेतून परदेशी पत्राला अर्ध्या औंसाला ५ सेंट पडायचे. अर्धा औंस म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, म्हणजे पातळ कागद दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरून लिहायचे. १८८२ पासून या कामाला ५ सेंटचं एक तपकिरी तिकीट वापरात होतं, त्यावर नुकताच खून झालेला अध्यक्ष गारफील्ड. आनंदीच्या पाकिटांवर तोच दाढीवाला बसलेला असणार असं मी माझ्यापुरतं धरून चाललोय.

रस्ता असा. श्रीरामपूरहून कलकत्ता. कलकत्त्याहून अलाहाबाद-जबलपूरमार्गे आगगाडीनं मुंबई (ही लाईन १८७० मध्ये पूर्ण झाली). मुंबईहून आठवड्यातून एकदा विलायती डाकेची बोट. सुएझ कालवा १८६९ ला उघडलेला होता. पुढे इटलीत ब्रिंदिसीला डाक उतरवायची, रेल्वेनं अख्खा युरोप ओलांडून लंडन. तिथून पुन्हा बोट, अटलांटिक, न्यूयॉर्क. मुंबई ते लंडन सुमारे तीन आठवडे, अटलांटिकला आठ-दहा दिवस, मधले टप्पे मिळून साधारण पाच आठवडे. उत्तर यायला पुन्हा पाच. वर डाक आठवड्यातून एकदाच. बोट चुकली की सात दिवस वाया.

आपल्या भाषेत सांगायचं तर बॅच प्रोसेसिंग, आणि दहा आठवड्यांचा राउंडट्रिप टाइम.

याचा परिणाम काय होतो ते नीट लक्षात घ्यायला पाहिजे, नाहीतर ही पत्रं वाचताना गोंधळ उडतो. तुम्ही आज रागावून एक पत्र टाकलं. पुढच्या आठवड्यात राग निवला, तुम्ही दुसरं गोड पत्र टाकलं. तिसऱ्या आठवड्यात नुसती ख्यालीखुशाली. समोरच्या माणसाला पाच आठवड्यांनी पहिलं पत्र मिळतं. त्याला पुढचं काही माहीत नाही. तो रात्रभर जागून उत्तर लिहितो. ते उत्तर तुमच्या हातात पडतं तेव्हा तुम्ही मुळात काय लिहिलं होतं तेही तुम्हाला आठवत नसतं. भांडण नवरा-बायकोचंच, पण घरात रात्री सुरू होऊन सकाळच्या चहाला संपलं असतं ते इथे एका ऋतूतून दुसऱ्या ऋतूत जातं. उन्हाळ्यातला टोमणा बर्फात वाचायचा.

आणि टोमणे होते. बरेच होते.

गोपाळराव हे काय प्रकरण होतं हे एका परिच्छेदात बसत नाही. ज्या काळात बायकोशी चारचौघांत बोलणं म्हणजे निर्लज्जपणा होता त्या काळात हा माणूस तिला घेऊन रस्त्यानं फिरायला जायचा, शिकवायचा, आणि ती अभ्यास सोडून स्वयंपाकघरात सापडली म्हणून मारायचा. हो, उलटं. इतर नवरे स्वयंपाक नीट झाला नाही म्हणून मारायचे. हा विक्षिप्तपणा आपल्याकडे जरा कौतुकानं सांगितला जातो. सिनेमात तर टाळ्याही पडतात. मला तो कौतुकाचा विषय वाटत नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या पाठीला लाकूड लागतं तेव्हा ते कुठल्या कारणासाठी उगारलंय यानं तिला काय फरक पडणार?

तिला अमेरिकेला पाठवायची खटपट त्यांचीच. आणि ती पोचल्यावर मात्र त्यांच्या पत्रांचा सूर फिरला. तिकडे तिनं बदलू नये, बिघडू नये, धर्म सोडू नये, ही धास्ती. तिच्या पोशाखावरून, पाठवलेल्या फोटोवरून बोलणी. थंडीचा प्रश्न साधा होता. नऊवारी नेसली की पोटऱ्या उघड्या राहतात, आणि फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात तसं चालणं शक्य नव्हतं. तिनं गुजराती पद्धतीनं पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. एवढ्यासाठीही नवऱ्याला कळवणं आणि त्याची मर्जी राखणं आलं. आता गणित करा: नोव्हेंबरमध्ये थंडी वाजली म्हणून विचारलं, तर होकार किंवा नकार येणार फेब्रुवारीत! हिवाळा संपत आलेला. तिनं वाट बघितली नसणार, आणि बघू नयेच.

एक तांत्रिक अडचणही सांगून ठेवतो. आज आनंदीची पत्रं जास्त वाचली जातात. गोपाळरावांनी काय काय लिहिलं ते बरंचसं तिच्या उत्तरांवरूनच ओळखावं लागतं. सर्व्हरचा लॉग आहे, पण आलेल्या रिक्वेस्ट गायब आहेत आणि फक्त रिस्पॉन्स दिसतायत, तसं. ती एखादी गोष्ट तीनतीनदा समजावून सांगते, शपथेवर सांगते, तेव्हा तिकडून काय आलं असेल ते कळतं. घरून येणारं पत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मायेची ऊब वगैरे येते. इथे घरून येणारं पत्र म्हणजे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडायचं की नंतर असा विचार पडावा अशी वस्तू.

आणि मग ते एक पत्र. आनंदीवर गंभीरपणे लिहिणाऱ्या प्रत्येकाला तिथे थांबावं लागतं. मीरा कोसंबींनी लिहिलं आहे, अंजली कीर्तन्यांच्या मोठ्या चरित्रातही हा सगळा भाग येतो. तुम्ही मला चांगलं वागवलंत की वाईट, या प्रश्नाला ती नवऱ्याला उत्तर देते आहे. तिचं उत्तर असं, की दोन्ही. हेतू पाहिला तर चांगलं, परिणाम पाहिला तर वाईट. मग ती वयवारी यादी देते. दहाव्या वर्षी लाकडाचे तुकडे फेकून मारणं, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तकं भिरकावणं, चौदाव्या वर्षी सोडून जाईन म्हणून धमकावणं. त्या वयात मनावर याचा काय परिणाम होतो, हे ती अगदी शांतपणे मांडते. आणि पुढे म्हणते की मी तुम्हाला सोडून गेले असते किंवा उलट बोलले असते तर लोक मलाच नावं ठेवणार होते, म्हणून मी सोसत राहिले.

मी इथे तिचे शब्द देत नाहीये, आशय सांगतोय. पण सूर लक्षात घ्या. रडारड नाही, शिवीगाळ नाही, क्षमायाचनाही नाही. एखाद्या डॉक्टरनं केस पेपर लिहावा तसं. लक्षणं, वय, कालावधी. ती तेव्हा वैद्यकीच शिकत होती, त्याचा हा परिणाम की स्वभावच तसा, कोण जाणे.

माझं मत असं, की हे पत्र घरात बसून कधीच लिहिलं गेलं नसतं. श्रीरामपूरला एका घरात राहून ती हे तोंडानं बोलू शकली असती का? वाक्य पुरं व्हायच्या आत खुर्ची आली असती. दहा आठवड्यांचं अंतर आपण इतका वेळ त्रास म्हणून मोजत होतो, तेच इथे तिच्या बाजूनं उभं राहतं. तिनं लिहिलं, पाकीट बंद केलं, डाकेत टाकलं. आता पाच आठवडे ते कोणी वाचू शकत नाही आणि पुढचे पाच आठवडे कोणी तिला ओरडू शकत नाही. गोपाळरावांना ते पत्र अखेरपर्यंत वाचावंच लागलं असणार. मधेच तोडता येत नाही हा कागदाचा मोठा गुण आहे.

दुसऱ्या बाजूला तिची इंग्रजी पत्रं आणि भाषणं आहेत, आणि त्यांतली आनंदी वेगळीच दिसते. अमेरिकेत मिशनरी मंडळींपुढे बोलायची वेळ आली तेव्हा या मुलीनं बालविवाहाची चक्क बाजू घेतली! ऐकणाऱ्यांना धक्का बसला. आजही वाचताना बसतो. काही जण यावरून तिला प्रतिगामी ठरवतात. मला ते घाईचं वाटतं. समोर बसलेल्या लोकांना हिंदू घर म्हणजे नरक, हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यातून धर्मांतराची वाट काढायची होती. निघण्यापूर्वी श्रीरामपूर कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ ला केलेल्या भाषणात तिनं हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं सांगितलेलं होतं. म्हणून परक्यांपुढे घराची झाकली मूठ, आणि घरच्या माणसापुढे उघडा हिशोब. बाहेर काय सांगायचं आणि आत काय सांगायचं हे ती पक्कं ठरवून होती. परदेशात पार्टीत कुणी 'तुमच्याकडे अजून जात वगैरे आहे का हो' असं विचारल्यावर आपण जे उत्तर देतो आणि घरी येऊन फोनवर भावाशी जे बोलतो, त्यातलं अंतर आठवा. तिचं अंतर फार मोठं होतं एवढंच.

(थोडं विषयांतर. आमचं गाव कळंब, यवतमाळ जिल्हा. चिंतामणीचं देऊळ, जमिनीखाली पायऱ्या उतरून जायचं ते. ऐन-ई-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांमध्ये आमच्या गावाचं नाव आहे, पण त्यानंतर इतिहासानं आमच्याकडे फार बघितलेलं नाही. आनंदी निघाली तेव्हा आमच्या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत आणि वऱ्हाड निजामाकडून १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतं. आमच्याकडून परदेशी कोण गेलं असेल तर तो कापूस. १८६१ ते ६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा माल बंद झाला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि मग बैलगाड्या धामणगाव स्टेशनाकडे लागल्या. गठाणी मुंबई, मुंबईहून लिव्हरपूल. पिकवणारा माणूस मात्र तालुक्याच्या बाहेर गेलेला नसायचा. त्याच्या आधी त्याचा कापूस सुएझ पार करून आला.

मी न्यू जर्सीत असताना आई निळं आंतरदेशीयसारखं दिसणारं हवाई पत्र पाठवायची. 'चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद' पासून सुरुवात आणि जागा संपली की दुमडायच्या पट्टीवर, डिंकाच्या कडेपर्यंत. पोचायला दहा-बारा दिवस. त्याच आठवड्यात कॉलिंग कार्डावरून बोलणं झालेलंच असायचं, त्यामुळे पत्रातली बातमी शिळी. तरी फोनवर ती कधी बोलली नाही असं त्या पट्टीवर काहीतरी असे. बाबांच्या गुडघ्याचं, काकांशी झालेल्या बोलाचालीचं. इतकंच. विषयांतर समाप्त.)

पुन्हा आनंदीकडे. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला तिनं प्रवेशासाठी जे पत्र लिहिलं त्यातलं कारण सरळ होतं: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना औषधपाणी करायला मी शिकतेय. यात अतिशयोक्ती नाही. लॉर्ड डफरीन यांच्या पत्नीनं बायकांच्या वैद्यकीय मदतीसाठी फंड काढला तो १८८५ मध्ये, म्हणजे आनंदी कॉलेजात असताना. आमच्या विदर्भात कितीतरी लोकांचा जन्म अमरावतीच्या 'डफरीन'मधला. हे कुणा बाईचं नाव आहे हेही अनेकांना माहीत नसतं, दवाखान्यालाच डफरीन म्हणतात. ती सगळी व्यवस्था उभी राहायच्या आधी ही मुलगी निघाली होती.

कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी तिला सांभाळलं, मावशींनी तर मुलीसारखं केलं. पण तब्येत साथ देत नव्हती. हिंदुस्थानात असतानाच डोकेदुखी, ताप, धाप हे सगळं होतं. त्यात तिथली थंडी, आणि शाकाहारी राहायचा निश्चय. त्या काळच्या फिलाडेल्फियात शाकाहारी माणसानं काय खायचं? उकडलेला बटाटा. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा उकडलेला बटाटा. ही तब्येतीची बातमी घरी कळवायची म्हणजे पुन्हा तेच गणित. आजारी आहे असं लिहिलं तर पाच आठवड्यांनी वाचणारा घाबरणार, तोवर आपण एकतर बरे झालेले किंवा आणखी आजारी. लिहिलं नाही तर लपवलं म्हणून बोलणी.

१८८५ मध्ये गोपाळराव स्वतःच अमेरिकेत येऊन थडकले आणि पत्रव्यवहार संपला. तिथे त्यांनी व्याख्यानं देऊन पाश्चात्त्य संस्कृतीला झोडपलं. तिला मदत करणारी सगळी माणसं त्याच संस्कृतीतली, तेव्हा तिची किती पंचाईत झाली असेल याची कल्पना करा. ११ मार्च १८८६ ला ती एम. डी. झाली. प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या, त्या तिच्या नात्यातल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात लेडी डॉक्टरची जागा आधीच ठरली होती. ऑक्टोबरमध्ये नवरा-बायको निघाली, नोव्हेंबरमध्ये मुंबईत उतरली. तोवर क्षयानं तिला पुरतं पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बावीस पुरी व्हायला महिनाभर बाकी. कोल्हापूरची नोकरी तिनं एक दिवसही केली नाही.

दोन वर्षांत दोन चरित्रं आली. १८८८ मध्ये बोस्टनला कॅरोलाइन डॉल यांचं इंग्रजी चरित्र, १८८९ मध्ये काशीबाई कानिटकरांचं मराठी. काशीबाईंची स्वतःची गोष्टही बघण्यासारखी आहे. त्यांचंही लग्न नवव्या वर्षी, वाचायला शिकल्या त्या सासरी आल्यावर, नवऱ्याला शिकलेली बायको हवी म्हणून. आनंदीचं आयुष्य ज्या बाईनं मराठीत लिहिलं तिला ते कळायला वेगळा अभ्यास करावा लागला नसेल. आणि आज जी मराठी पत्रं आपण वाचतो ती आपल्यापर्यंत आली त्यात काशीबाईंच्या पुस्तकाचा वाटा फार मोठा.

आता यातलं मला सगळ्यात चक्रावून टाकणारं. बायकोनं नवऱ्याला लिहिलेली पत्रं ही नवऱ्याच्याच पेटीत असणार. दुसरीकडून येणार कुठून? म्हणजे लाकडाचे तुकडे, खुर्च्या, पुस्तकं, सगळी यादी असलेला तो कागद गोपाळरावांनी फाडला नाही, चुलीत घातला नाही, समुद्रात टाकला नाही. ती गेल्यावर जपून ठेवला आणि छापायला बाहेर जाऊ दिला. पश्चात्ताप म्हणावा, बेफिकिरी म्हणावी, की 'बघा मी कशी बायको घडवली' हा त्यातही शिल्लक राहिलेला तोरा? पुढच्या त्यांच्या उद्योगांवरून उत्तर मिळत नाही. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानडे वगैरे बड्या मंडळींना मिशनऱ्यांचा चहा पाजून नंतर त्यांची नावं पेपरात जाहीर करणारे ते हेच. १८९१ मध्ये ख्रिस्ती झाले, थोड्याच दिवसांत परत हिंदू झाले. लोकांना उघडं पाडायची हौस दांडगी, आणि निदान एकदा तरी त्यात स्वतःलाही सोडलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. टपालखात्यातल्या माणसाला एक शिस्त असते, पत्र कुणाचंही असो, गहाळ करायचं नाही. त्यांच्यात तीच उरली होती की काय असंही कधी कधी वाटतं.

त्यांनी आणखी एक गोष्ट समुद्रापार रवाना केली होती. आनंदीची रक्षा. ती कार्पेंटर मावशींकडे गेली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी इथल्या आपल्या घराण्याच्या दफनभूमीत पुरली. दगड अजून आहे. शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं त्यावर इंग्रजीत कोरलंय. न्यू जर्सीहून हडसनच्या कडेनं वर गेलं तर गाडीनं दोनेक तासांवर.